परदेशी माणूस कामावर घ्यायचा आहे? पुण्यातल्या मालकांसाठी कागदापासून कामापर्यंतची वाट

चाकणच्या कारखान्यात दोन पाळ्यांना पुरतील एवढे ऑपरेटर नाहीत, बाणेरच्या हॉटेलचं स्वयंपाकघर सणानंतर अर्धं रिकामं, आणि हिंजवडीतल्या कंपनीला जपानी ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोलणारा इंजिनिअर मिळत नाही. तिन्ही ठिकाणी मालक एकच विचारतो, ‘बाहेरच्या देशातून माणूस आणता येईल का?’ येईल, पण तिघांना तीन वेगळी उत्तरं आहेत. ती एकत्र केली की पैसे आणि महिने दोन्ही वाया जातात.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. आखाती देशांत मजुरांसाठी वेगळा व्हिसा असतो, तशी सोय भारतात नाही. हेल्पर, पॅकिंग, माल चढवणं-उतरवणं, कारकुनी, टायपिंग अशा कामांसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा मिळत नाही. ज्या कामासाठी पात्र भारतीय मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, त्यासाठी हा व्हिसा द्यायचा नाही, असं गृहमंत्रालयाच्या नियमांतच आहे. त्यामुळे ‘स्वस्त पडेल’ म्हणून परदेशी माणूस शोधणाऱ्याने इथेच थांबावं.

आधी दार ओळखा

उमेदवाराचं नाव, शिक्षण, अनुभव पाहण्याआधी त्याचा पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे ते पाहा.

नेपाळ किंवा भूतानचा नागरिक असेल, तर त्याला भारतात राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. अंगमेहनतीच्या कामासाठी परदेशी माणूस कायदेशीरपणे मिळण्याची व्यवहारात हीच वाट आहे.

ओसीआय कार्ड असलेला, म्हणजे मूळचा भारतीय पण आता परदेशी पासपोर्टवर असलेला माणूस, व्हिसाशिवाय नोकरी करू शकतो. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार, गिर्यारोहण अशा मोजक्या कामांना वेगळी परवानगी लागते. तज्ज्ञ हवा असेल, तर जाहिरातीत ‘ओसीआय असल्यास प्राधान्य’ असं लिहायला विसरू नका. पुण्यातून अमेरिकेत आणि युरोपात गेलेली आणि आता आईवडिलांसाठी परत यायला तयार असलेली माणसं कमी नाहीत. त्यांच्या बाबतीत खाली दिलेला व्हिसाचा सगळा खटाटोप टळतो.

बाकी सगळ्यांना एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. बांगलादेश शेजारी असला, तरी तिथल्या नागरिकाला नेपाळसारखी सवलत नाही.

नेपाळी कामगार: व्हिसा नाही, पण कागद आहेत

भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, फिरण्याची, व्यापार-व्यवसाय करण्याची मुभा दिली. नेपाळ सरकारही भारतात कामाला येण्यासाठी श्रम परवाना मागत नाही. त्यामुळे ‘तिकडचा परवाना काढून देतो’ म्हणून कुणी दलाल पैसे मागत असेल, तर तो फसवतो आहे.

पहिल्या दिवशी मागायचा कागद म्हणजे नेपाळी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘नागरिकता’. पासपोर्ट असेल तर उत्तमच. नागरिकता देवनागरीत असते, म्हणून आपल्याला वाचता येते, आणि गोंधळही तिथेच होतो. जन्मतारीख विक्रम संवतात असते. नेपाळी वर्ष एप्रिलच्या मध्याला, वैशाखात सुरू होतं. वैशाखापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी ५७ वजा करा, जानेवारीपासून चैत्र संपेपर्यंत ५६. म्हणजे २०५५ चा वैशाख हा १९९८ चा एप्रिल-मे. दिवस मात्र अंदाजाने लावू नका. नेपाळी महिने २९ पासून ३२ दिवसांपर्यंत असतात, म्हणून नेपाळी ‘पात्रो’ (दिनदर्शिका) किंवा तारीख बदलून देणारं साधन वापरा. आपल्या पंचांगातल्या तिथीशी याचा मेळ बसत नाही. बऱ्याच कागदांवर दुसऱ्या बाजूला इंग्रजी तारीखही असते. असेल तर तीच घ्या, आणि पीएफ, ईएसआय, बँक, आधार सगळीकडे अक्षरनअक्षर तीच टाका. नावाचंही तसंच. एके ठिकाणी ‘थापा’, दुसरीकडे ‘थापा मगर’ झालं, की पाच वर्षांनी पीएफ काढताना तो माणूस हेलपाटे घालत बसतो. चूक कारखान्याच्या टेबलावर झालेली असते, आणि भोगतो तो.

वयाची खात्री करा. दिसायला मोठा वाटणारा मुलगा सोळाचा निघतो. अठराच्या आतला असेल, तर त्याला परत पाठवा, गावाकडून कितीही फोन आले तरी.

नेपाळी बोलणारा प्रत्येक जण नेपाळचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. दार्जिलिंग, सिक्कीम, आसाम, डेहराडून इथली लाखो नेपाळीभाषक माणसं भारतीय नागरिक आहेत. त्यांच्याकडे ‘नागरिकता’ मागणं अपमानाचं आहे. बंगाली बोलणाऱ्या पश्चिम बंगालच्या आणि आसामच्या कामगारांबद्दलही हेच. भाषेवरून संशय घेऊन दारातून परतवू नका. कागद पाहा, आणि सगळ्यांचे सारखेच पाहा. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. भारतात राहणाऱ्या नेपाळी नागरिकालाही आधार मिळतं. म्हणून आधारची झेरॉक्स फाइलला लावून ‘पडताळणी झाली’ असं समजू नका. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, आणि राहायची खोली तुम्ही देत असाल, तर भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या.

पगार आणि सवलतींत फरक करता येत नाही. किमान वेतन तेच, ओव्हरटाइम तोच. पीएफच्या बाबतीत तर नेपाळ आणि भूतानचे नागरिक भारतीय कामगारच धरले जातात. परदेशी कामगारांसाठीचे जड नियम त्यांना लागू नाहीत. म्हणजे १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के, जसे इतरांचे. ईएसआय २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर, मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, काढताना आता बहुतेकांना उमंग ॲपवर चेहरा दाखवावा लागतो, पण नेपाळी आणि भूतानी कामगारांसाठी मालकाने पोर्टलवरून काढायची जुनी पद्धत ठेवली आहे. ‘ॲप चालत नाही’ म्हणून त्यांना पीएफबाहेर ठेवण्याचं कारण उरत नाही.

पगार बँकेत द्या. खातं उघडण्याआधी शाखेत जाऊन कुठले कागद चालतील ते विचारा. प्रत्येक शाखेचा अनुभव वेगळा असतो, आणि कामगाराला एकटं पाठवलं तर तो रिकाम्या हाताने परत येतो. घरी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स सोय आहे. खात्यातून एका वेळी दोन लाख रुपयांपर्यंत जातात. रोख नेऊन देणाऱ्या ‘ओळखीच्या माणसा’पेक्षा ही सोय त्यांना दाखवून द्या. कामगार टिकतो तो अशा गोष्टींमुळे.

सुट्टीचं गणित वर्षाच्या सुरुवातीलाच मांडा. दसैं आणि तिहार म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीचाच काळ, आणि हॉटेलांचा गर्दीचाही. पुण्याहून गोरखपूरची गाडी, तिथून सुनौलीची सीमा, पुढे बसने डोंगरातलं गाव. जाण्या-येण्यातच आठवडा जातो. पश्चिम नेपाळचे लोक बनबसा किंवा रुपैडिहाकडून जातात. पंधरा दिवसांची सुट्टी देऊन ‘वेळेत आला नाही’ म्हणणं बरोबर नाही. निम्म्यांना दसैंला, निम्म्यांना तिहारला अशी वाटणी दोन महिने आधी करून तिकिटं काढून द्या.

सोसायटीला किंवा कारखान्याला वॉचमन हवा असेल, तर एक अडचण आहे. खासगी सुरक्षा एजन्सीच्या कायद्यात रक्षक भारतीय नागरिक, किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशाचा नागरिक असावा लागतो. एजन्सीकडे परवाना आहे का, आणि पाठवलेला माणूस त्या अटीत बसतो का, ते लेखी घ्या. आणि तो आला की त्याला नावाने हाक मारा. ‘बहादूर’ हे प्रत्येकाचं नाव नसतं.

एम्प्लॉयमेंट व्हिसा: १६.२५ लाखांची रेघ

तज्ज्ञ माणसासाठी पहिली चाळणी पगाराची. वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये. यात रोख पगार आणि भत्ते धरतात. घर, गाडी यांसारख्या सोयींची किंमत धरायची असेल, तर ती आयकरासाठी पगारात मोजली जाणारी असली पाहिजे, आणि करारात तिचा आकडा वेगळा लिहिलेला पाहिजे. ‘कंपनी निवास देईल’ एवढं मोघम वाक्य उपयोगाचं नाही. सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात. एचआरने भारतीय पद्धतीने सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, लिहिलेली असते, त्यात ग्रॅच्युइटी, विमा, मालकाचा पीएफ सगळं मिळवून आकडा सतरा लाख दिसतो, आणि प्रत्यक्षात मोजता येणारा पगार चौदा निघतो.

या रेघेतून सुटलेले काही जण आहेत. त्या त्या देशाचं जेवण बनवणारे स्वयंपाकी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक आणि भाषांतरकार. पुण्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. कोरेगाव पार्कमधल्या थाई किंवा जपानी रेस्टॉरंटला खरा आचारी या वाटेने आणता येतो, आणि जपानी-जर्मन शिकणाऱ्यांची या शहरात कधीच वाण नसल्याने वर्गांना त्या मातृभाषेचा शिक्षकही. मात्र आचाऱ्याचा अनुभव त्याच पदार्थांचा हवा, आणि तुमच्या मेन्यूत ते पदार्थ दिसायला हवेत. पंजाबी-चायनीज हॉटेलसाठी हा मार्ग ओढूनताणून लावू नका.

अर्ज कोण, कुठून करतो

अर्ज उमेदवार करतो. तो स्वतःच्या देशातल्या, किंवा जिथे दोन वर्षांहून जास्त काळ कायम वास्तव्य आहे अशा देशातल्या भारतीय वकिलातीकडे करतो. तुम्ही त्याला कागद पुरवता: दोघांच्या सह्यांचा करार, कंपनीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी, कर भरण्याची हमी, आणि हाच माणूस का हवा याचं पत्र. शिक्षण आणि अनुभवाचे दाखले त्याचे.

या पत्रावर वेळ घालवा. ‘कुशल मनुष्यबळाची कमतरता आहे’ असं एक वाक्य लिहून भागत नाही. कुठलं यंत्र किंवा तंत्र, त्यावर काम करायला काय यावं लागतं, भारतात किती महिने शोधलं, जाहिरात कधी दिली, किती जणांच्या मुलाखती झाल्या, ते का बसले नाहीत, आणि हा माणूस इथल्या किती जणांना शिकवणार, हे सगळं दीड पानात मावतं. पदाचं नाव करार, पत्र आणि अर्ज तिन्हीकडे एकच ठेवा. कारखान्याचा पत्ता खरा लिहा. नोंदणीकृत ऑफिस शिवाजीनगरला आणि काम रांजणगावला असेल, तर दोन्ही लिहा.

नावाच्या सारखेपणाने होणारी एक फसगत सांगतो. एम्प्लॉयमेंट व्हिसाला लोक ‘ई व्हिसा’ म्हणतात, आणि घरबसल्या मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक व्हिसालाही ‘ई-व्हिसा’च म्हणतात. ई-टुरिस्ट किंवा ई-बिझनेसवर माणूस उतरला, की त्याला नोकरीवर घेता येत नाही, आणि टुरिस्ट व्हिसा इथे बसून एम्प्लॉयमेंटमध्ये बदलूनही मिळत नाही. त्याला परत जाऊन नव्याने अर्ज करावा लागतो. बिझनेस व्हिसा बैठका, खरेदी, पाहणी यांसाठी असतो. पगारी कामासाठी नाही. पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही स्टुडंट व्हिसावर संध्याकाळची नोकरी देऊ नका.

ऑफर दिल्यापासून माणूस हजर होईपर्यंत दोन ते तीन महिने धरा. प्रोजेक्टची तारीख त्याहून जवळ असेल, तर वेळापत्रक बदला.

पुण्यात उतरल्यावरचे १४ दिवस

व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर होतो. पासपोर्ट आणि व्हिसाची पानं, फोटो, करार, कंपनीचं हमीपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. तरी बऱ्याच कंपन्यांची मुदत चुकते, ती घराच्या कागदांमुळे.

परदेशी माणूस घरात उतरला, की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन देणं घरमालकाची जबाबदारी आहे. त्या माहितीला अजूनही लोक ‘फॉर्म सी’ म्हणतात; २०२५ च्या नियमांत त्याचं नाव ‘फॉर्म III’ झालं आहे. हॉटेलांना ते सवयीचं असतं. औंधमधल्या फ्लॅटच्या मालकाला मात्र आधी पोर्टलवर स्वतःची नोंदणी करावी लागते, मंजुरीची वाट पाहावी लागते, आणि तो नेमका मुलाकडे परदेशात गेलेला असतो. शिवाय महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, आणि नुकत्याच आलेल्या माणसाकडे आधार नसतं, पॅनही नसतं.

म्हणून सरळ क्रम असा ठेवा. पहिले तीन-चार आठवडे त्याला हॉटेलात किंवा नोंदणीकृत सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये ठेवा. त्यांनी फॉर्म सी भरला की त्याची प्रत त्याच दिवशी घ्या, आणि त्या पत्त्यावर एफआरआरओची नोंदणी पाचव्या-सहाव्या दिवशीच करून टाका. फ्लॅट मागाहून पाहा, भाडेकरार कंपनीच्या नावे करा, आणि पत्ता बदलल्याची माहिती पोर्टलवर द्या.

पत्ता कुठल्या हद्दीत येतो, तेही पाहा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशी तीन वेगळी पोलीस कार्यालयं आहेत. चाकण आणि तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहेत, रांजणगाव आणि बारामती ग्रामीणमध्ये. माणूस काम चाकणला करतो आणि राहतो बाणेरला. नोंदणी राहत्या पत्त्यावरून ठरते, कारखान्याच्या नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा, २०२५ लागू झाला आणि १९४६ च्या कायद्यासह चार जुने कायदे गेले. व्हिसा संपल्यावर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरल्यास किमान दोन आणि कमाल सात वर्षं कैद. कागद तपासताना कंटाळा करू नका, तो एवढ्यासाठी.

पीएफ आणि कर: आकडा आधी मांडा

परदेशी कामगाराला (नेपाळ-भूतान सोडून) पीएफची १५,००० ची मर्यादा लागू नाही. पूर्ण पीएफपात्र पगारावर १२ टक्के त्याचे, १२ टक्के तुमचे, आणि तेही पहिल्या दिवसापासून. १६.२५ लाखांचा सगळा पगार पीएफपात्र धरला, तर तुमचा वाटा वर्षाला १.९५ लाख होतो. बजेटमध्ये ही ओळ नसेल, तर पहिल्याच महिन्यात भांडण होतं. हा नियम ओसीआय कार्ड असलेल्या परदेशी नागरिकालाही लागतो.

जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया, फ्रान्स अशा ज्या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, तिथल्या मूळ कंपनीने पाठवलेला माणूस तिकडेच वर्गणी भरत असेल, तर त्याला इथे सूट मिळते. त्यासाठी निघण्याआधी तिकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ आणावं लागतं. त्याला मुदत असते. ती संपायची तारीख पेरोलच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. तुम्ही थेट नोकरीवर घेतलेल्याला ही सूट नाही. करार नसलेल्या देशाच्या माणसाला पीएफ साधारणपणे ५८ वर्षं पूर्ण झाल्यावरच काढता येतो. हे ऑफरच्या वेळीच सांगा, कारण तीस वर्षांच्या इंजिनिअरसाठी ही मोठी गोष्ट आहे. परदेशी कामगारांच्या पीएफची ही तरतूद कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द ठरवली, दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ग्राह्य धरली. पुण्यातल्या मालकाने कर्नाटकाच्या निकालावर विसंबून कपात थांबवू नये.

आल्याबरोबर पॅनचा अर्ज करा. पॅन नसेल, तर कर किमान २० टक्के दराने कापावा लागतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला, तर तो करासाठी निवासी ठरतो. म्हणून ये-जा केल्याच्या तारखांची नोंद ठेवा, पासपोर्टवरच्या शिक्क्यांवर सोडू नका.

मूळ परदेशी कंपनीने माणूस पाठवला, पगार तिने दिला आणि तुम्ही तो तिला परत करता, अशी मांडणी असेल, तर करार सही होण्याआधी सीएला दाखवा. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या निकालानंतर अशा परताव्याकडे मनुष्यबळ पुरवठ्याची सेवा म्हणून पाहिलं जाऊ शकतं, आणि रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच कर भरायच्या पद्धतीने, तुमच्यावर जीएसटी येऊ शकतो.

मुदतवाढ आणि निरोप

व्हिसा वर्षावर असेल, तर दहाव्या महिन्यात मुदतवाढीचं काम हाती घ्या. टीडीएस कापून भरल्याचे दाखले, भरलेलं विवरणपत्र, नवा करार आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. कागद व्यवस्थित असतील, तर व्हिसाची मुदत वाढू शकते. कर भरलेला नसेल, तर वाढ तिथेच अडते.

शेजारच्या कंपनीतला कोरियन इंजिनिअर जास्त पगार देऊन ओढता येत नाही. व्हिसा त्या मालकापुरता असतो. मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्यातला बदल परवानगीने होऊ शकतो. बाकी कुठेही जायचं, तर त्याला देशाबाहेर जाऊन नवा व्हिसा घ्यावा लागतो. पासपोर्ट कपाटात ठेवून घेणं तर कुठल्याही कारणाने करू नका. तो त्याच्याच जवळ राहिला पाहिजे, नेपाळी कामगाराची नागरिकताही.

नोकरी संपली की ती तारीख एफआरआरओला कळवा, शेवटच्या पगाराचा कर भरा, पीएफमध्ये सोडल्याची तारीख टाका, आणि परतीचं तिकीट व्हिसा संपायच्या आतलं आहे ना, ते पाहा. मुदत उलटून गेली असेल, तर आधी एक्झिट परमिट काढावं लागतं. त्याशिवाय माणूस विमानतळावरूनच परत येतो.